वाटणीला निघालेल्या घरांविषयी: साताऱ्याच्या उतारावरील जुन्या सिमेंटी बंगल्यांच्या वारसांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एका कुटुंबाला नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, यवतेश्वराच्या चढावर, गोडोलीच्या वरच्या अंगाला ज्यांच्या आजोबांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे सपाट स्लॅबचे, गोल कोपऱ्याच्या गॅलरीचे बंगले बांधले आणि ज्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर आज सहा-सात नावं लागली आहेत, त्या सगळ्यांना आहे. तुमच्यातले बहुतेक पुण्या-मुंबईत. किल्ली इथेच राहिलेल्या एखाद्या भावाकडे, लाइट बिल थोरल्याच्या मोबाइलवर. मे महिन्यात सगळे जमता, आंबे खाता, आणि "या घराचं एकदाचं काय ते करून टाकू" इथवर येऊन गाडी अडते. मग कुणीतरी बिल्डरचा नंबर काढतं.

तो नंबर फिरवण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त. नवं बांधलं कमी, जुनं सावरलं जास्त. आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, दुरुस्तीतच आयुष्य गेलं. नुकतंच असं एक घर दुरुस्त होऊन मालकांच्या ताब्यात गेलं. त्यांची इच्छा नाही म्हणून नाव-पत्ता देत नाही. देण्याची गरजही नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना हे आपल्याच घराचं वर्णन वाटेल.

रस्त्यावरून बघितलं तर बैठं घर. खांबाशिवाय पुढे आलेला पोर्चचा स्लॅब, एक लांबट खिडकी, बस्स. आत शिरलं की जिना वर न जाता खाली उतरतो. रस्त्याच्या पातळीला झोपायच्या खोल्या आणि हे घर बांधणाऱ्या वकीलसाहेबांची ऑफिसची खोली. एक मजला खाली लांबलचक हॉल, स्वयंपाकघर, समोर दरीच्या अंगाला गॅलरी. त्याच्याही खाली काळ्या दगडाच्या जोत्यात कोठी आणि गड्याची खोली. डोंगर न कापता तीन पातळ्या बसवलेल्या. हॉलच्या कोपऱ्यात खिडकी अशी वळते की कोपऱ्याला कॉलमच नाही. वरचा स्लॅब तिथे अधांतरी पुढे आलेला. आमच्याबरोबरचा जुना सुतार ती खिडकी बघून मागे सरला आणि म्हणाला, "हे पडलं कसं नाही अजून?"

पडलं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही नाही. जिन्याच्या भिंतीत एक तिरपी भेग तेवढी राहिली, ती त्या कुटुंबात तीन पिढ्या पाहुण्यांना दाखवली जाते.

पण आम्ही गेलो तेव्हा खालच्या हॉलच्या स्लॅबचे पापुद्रे जमिनीवर पडत होते. सळ्या उघड्या, गंजून लाल. आधी येऊन गेलेल्या दोघा-तिघांनी निदान करून टाकलं होतं: सिमेंटचं आयुष्य पन्नास-साठ वर्षं, घराची मुदत संपली, पाडा. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी डेट असते तशी स्लॅबवर कुठे लिहिलेली मला तरी सापडलेली नाही.

काँक्रीट कशाने मरतं ते एकदा समजून घ्या, मग कुणी घाबरवायला आलं तर दोन प्रश्न विचारता येतील. सिमेंट अल्कलीधर्मी असतं आणि त्या अल्कलीत सळी सुरक्षित राहते, गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि ती अल्कली मारत जातो; यालाच कार्बोनेशन म्हणतात. तो सळीपर्यंत पोचला, आणि तिथे ओलही असेल, तर गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून तो वरचं कव्हर ढकलून पाडतो. तुमच्या हॉलमध्ये पडतो तो पापुद्रा हाच. म्हणजे दोन गोष्टी लागतात: हवा आणि पाणी. हवा अडवणं अवघड. पाणी अडवणं आपल्या हातात.

तपासायची रीत साधी आहे. छिन्नीने ताजा खड्डा पाडायचा, धूळ फुंकून काढायची आणि फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कली ओळखणारं द्रावण फवारायचं. काँक्रीट जिवंत असेल तर डोळ्यांदेखत गडद गुलाबी होतं; मेलं असेल तर जसंच्या तसं राखाडी राहतं. या हॉलमध्ये दरीकडच्या बाजूला वरचा अर्धा-पाऊण इंच राखाडी राहिला आणि त्याच्या आत गुलाबी रंग फुटला. सळी त्या गुलाबी भागात होती. मी ती खरवडून बघितली: गुळगुळीत गोल गज, टोकाला हूक वळवलेला, त्या काळी असेच यायचे. वर गंजाचा नुसता धुरळा. डोंगराकडच्या भिंतीजवळ मात्र सळीच्या मागेपर्यंत रंग आलाच नाही. एकच स्लॅब, एकच मिस्त्री, एकच वर्ष, आणि वीस फुटांच्या अंतरात एक टोक धडधाकट नि दुसरं खलास. वयाचा प्रश्न असता तर दोन्ही टोकं सारखी म्हातारी व्हायला हवी होती.

कारण मागे होतं. जुन्या ट्रंकेत नकाशाची निळी प्रत सापडली. तिच्यात घरामागे डोंगराच्या अंगाला एक दगडी चर दाखवलेली, वरून येणारं पाणी अडवून बाजूच्या ओढ्याला सोडणारी. जागेवर चर कुठेच दिसेना. शेवटी पेव्हर ब्लॉक उचलले, तर खाली फुटक्या कुंड्या, फरशीचे तुकडे आणि कुणाच्या तरी मुंजीच्या मांडवाचे बांबू. त्याच्या खाली चर, तळाच्या घडीव दगडांसकट. डोंगराची माती धरणाऱ्या दगडी भिंतीला, म्हणजे रिटेनिंग वॉलला, ठेवलेली पाणी निघायची भोकं, म्हणजे वीप होल, मधल्या एका रंगकामात सिमेंटने बुजवलेली. बरी दिसत नव्हती म्हणे. चार महिने डोंगराचं पाणी भिंतीमागे तुंबायचं, स्लॅबच्या टोकात झिरपायचं, उन्हाळ्यात वाळायचं, पुन्हा भिजायचं. काँक्रीटला याहून वाईट दिनक्रम नाही.

आणि गच्ची. तुमच्या गच्चीवर एक कोपरा फोडून बघा, घराच्या दुरुस्त्यांचा सगळा इतिहास सापडेल. इथे मूळचा चुन्याचा कोबा, त्यावर डांबर, त्यावर वीट-तुकड्यांचा कोबा, त्यावर चायना मोझॅक, आणि सगळ्यात वर गॅरंटीवाला पांढरा कोट. त्या त्या वर्षी गळलं, त्या त्या वर्षी एक थर चढवला. जुना काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन. राहत्या घराच्या जमिनीवर माणसं-सामान मिळून जेवढा भार आपण डिझाइनमध्ये धरतो, जवळपास तेवढाच. म्हणजे गळती थांबवायच्या नावाखाली आपण स्लॅबच्या डोक्यावर वर्षभर भरलेलं लग्नघर ठेवतो, आणि तो वाकला की वयाला दोष देतो. सगळे थर काढले, पन्हाळीकडे नीट ढाळ दिला, वरून एकच हलका थर घातला. स्लॅब मोकळा झाला.

बाकीचं काम चिकाटीचं. सुटलेलं काँक्रीट ठोकून काढायचं, सळीचा गंज तारेच्या ब्रशने निघेपर्यंत घासायचा, जिथे सळी खाऊन बारीक झाली तिथे जोडीला नवी द्यायची, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टरने थर भरायचे. डोंगराकडचा पट्टा मात्र खालून टेकू देऊन तोडून नव्याने ओतला. तिथे दुरुस्तीत अर्थ नव्हता. लोखंडी सेक्शनच्या खिडक्यांना भंगारवाल्याने किलोवर भाव लावून ठेवलाच होता. त्या उतरवल्या, खालच्या पट्ट्या गंजल्या होत्या तेवढ्या कापून नव्या वेल्ड केल्या, पितळी मुठी चिंचेने घासल्या. जमिनीच्या मोझॅकला पॉलिशचं मशीन लावलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी मिस्त्रीने बसवलेलं हिरव्या खड्यांचं कमळ वर आलं. घरातल्या कुणालाच ते तिथे आहे हे ठाऊक नव्हतं.

खर्चाचं विचाराल तर सरळ सांगतो: दुरुस्ती नेहमी स्वस्त पडते असं नाही. आणि प्रत्येक घर वाचतं असंही नाही. पाया सरकलेला असेल, उतारच हलत असेल, कुणी हॉल मोठा करायला आधाराची भिंत काढून टाकली असेल आणि स्लॅब झोपला असेल, तर मी स्वतः पाडा म्हणेन आणि घाईने म्हणेन. पण तो निर्णय तपासून व्हावा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या फोटोवरून नको. (आणि भाडेकरू निघावा म्हणून स्वतःच्याच चांगल्या घराला धोकादायक ठरवून घेणारेही मी पाहिले आहेत. ते हे पत्र वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको.)

तुम्ही म्हणाल, वाडा असता तर समजलो असतो. नक्षीचे खांब, चौक, दिंडी दरवाजा. या सिमेंटच्या खोक्यात जपण्यासारखं काय आहे?

चेक प्रजासत्ताकात ब्रनो नावाचं शहर आहे. तिथे १९२८ ते १९३० मध्ये फ्रिट्झ आणि ग्रेटा टुगेनडाट या जोडप्यासाठी मीस व्हॅन डर रोह या वास्तुविशारदाने उतारावर घर बांधलं. प्लॉट ग्रेटाच्या वडिलांनी दिलेला. रस्त्यावरून बैठं दिसणारं, आत शिरून खाली उतरायचं, वर झोपायच्या खोल्या, खाली बागेकडे उघडणारा मोठा हॉल, त्याच्याखाली कामाच्या खोल्या. समोर शहर आणि त्याच्या डोक्यावर श्पिलबर्कचा डोंगरी किल्ला. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? आपल्या वकीलसाहेबांनी ते घर बघितलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. उतार न दुखावता घर बसवायचं ठरवलं की उतार साधारण तेच उत्तर देतो. त्यांच्याकडे हॉलमध्ये मोरोक्कोहून आणलेल्या ऑनिक्स दगडाची भिंत आणि विजेच्या मोटरवर जमिनीत उतरणारी काच. आपल्याकडे शहाबादी, मोझॅक आणि सागवानी चौकट. ऐपतीचा फरक मोठा, युक्ती एक.

त्या घराचं पुढे काय झालं ते वारसांनी वाचण्यासारखं आहे. कुटुंब ज्यू. १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, १९३९ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, घर जप्त केलं. युद्धानंतर तिथे नृत्यशाळा चालली, मग लहान मुलांचं उपचार केंद्र. कुटुंब पुन्हा कधी तिथे राहायला आलं नाही. २००१ मध्ये युनेस्कोने घराला जागतिक वारसा म्हटलं आणि २०१० ते २०१२ मध्ये त्याची नीट, मुळाबरहुकूम दुरुस्ती झाली. जेवणाच्या जागेभोवतीची एबनी लाकडाची अर्धगोल भिंत नाहीशी झाली होती. तिच्या फळ्या त्याच शहरात विद्यापीठाच्या कायदा विभागाच्या इमारतीत सापडल्या. ती इमारत युद्धकाळात गेस्टापोचं मुख्यालय होती. फळ्या तिथे भिंतीला लागून सत्तरेक वर्षं गुपचूप उभ्या होत्या. तुमच्या माळ्यावरची जुनी दारं कुणाला फुकट देण्याआधी हे आठवा.

आणखी एक. १९९२ च्या ऑगस्टमध्ये चेक आणि स्लोव्हाक नेते, क्लाउस आणि मेचियार, देशाच्या वाटणीची बोलणी करायला याच घरी आले होते. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. ज्या घरी एका देशाची वाटणी ठरली ते घर शाबूत आहे. आपल्याकडे चार भावांची वाटणी ठरली की आधी घर पडतं.

सपाट छप्पर गळतं, ही तक्रारही नवी नाही. पॅरिसजवळ पोआसीला ल कॉर्ब्युझिएने बांधलेला व्हिला साव्हॉय हा सपाट छपराच्या या आधुनिक पंथाचा अगदी मुकुटमणी. त्याच्या मालकीणबाई गळतीपायी वास्तुविशारदाला पत्रांवर पत्रं लिहीत होत्या. पुढे ते घर पाडायला निघालं होतं. १९६५ मध्ये फ्रान्सने त्याला संरक्षित वास्तू केलं.

लांब कशाला, मुंबईचं बघा. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्याच सुमाराच्या, त्याच गोल गॅलऱ्यांच्या आणि उगवत्या सूर्याच्या ग्रिलच्या. साताऱ्याला युनेस्को काही परकं नाही: २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठार आलं, २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याबरोबर प्रतापगड आला. गड आणि फुलं यांच्या मधल्या काळात इथली माणसं कशी राहू लागली होती, त्याची साक्ष मात्र तुमच्या घरांशिवाय कुठे नाही. माजघर, सोवळ्याचं स्वयंपाकघर आणि परसातला संडास सोडून ज्या वकिलाने, डॉक्टरने, मास्तराने मोठ्या खिडकीचा हॉल आणि आत जोडलेलं न्हाणीघर मागितलं, त्याच्या घरातल्या बायकांचं जगणं त्या नकाशाने बदललं. या घराच्या थोरल्या सूनबाई आता नव्वदीकडे आल्या आहेत. त्यांनी मला हॉल दाखवला नाही, स्वयंपाकघराचा ओटा दाखवला. त्या काळी उभ्याचा ओटा म्हणजे आळीत चर्चा झाली होती. ओट्यासमोरच्या खिडकीतून किल्ला दिसतो. ती खिडकी मुद्दाम तिथे ठेवली, असं सासऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं.

आता याच्या जागी काय येणार तेही बघा. बिल्डर येतो तेव्हा पहिल्यांदा जेसीबी येतो. उतार कापून सपाट चौथरा करतात, मागे पंधरा-वीस फुटांची उभी कड उघडी पडते, तिला काँक्रीटची भिंत लावतात आणि बऱ्याचदा पाणी निघायला वाट ठेवायचीच राहते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे काय झालं ते आपण विसरलो नाही. शहरातल्या प्लॉटची त्याच्याशी तुलना करायची नाही. पण पाण्याने भरलेला उतार कुणाची ओळख ठेवत नाही, एवढं तरी तिथून कळलं. तुमच्या आजोबांच्या घराने तो उतार इतकी वर्षं धरून ठेवला आहे. जोत्याचे दगड, मागची भिंत, चर, वरची करंज आणि जांभूळ, हे सगळं मिळून एकच बांधकाम आहे. त्यातलं फक्त घर काढता येत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी तुम्हाला बिल्डर सांगेलच असं नाही. १:५ पेक्षा, म्हणजे पाच फुटांमागे एक फूट चढापेक्षा, तीव्र उतारावर नव्या बांधकामाला राज्याच्या नियमावलीत बंधनं आहेत. जुनं घर उभं आहे म्हणून तिथे नवंही उभं राहील असं गृहीत धरू नका. प्लॉटची लेव्हल काढून घ्या, नगररचना विभागात लेखी विचारा, मगच डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटला हात लावा. उलट बाजूने, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ मध्ये स्थापत्यदृष्ट्या महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. ती फक्त वाड्यांना आणि देवळांना आहे असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही मालक मिळून अर्ज केलात तर त्याला वजन येईल. माझ्यासारख्याने केला तर ते एका रिकाम्या म्हाताऱ्याचं निवेदन ठरेल.

मागणं एवढंच आहे. येत्या मे महिन्यात जमाल तेव्हा एकाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करा, म्हणजे सहीसाठी सगळ्यांना गोळा करायला नको. स्ट्रक्चरल ऑडिट बिल्डरने पाठवलेल्या माणसाकडून करू नका, तुमचा स्वतःचा इंजिनिअर लावा आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक खोलीत कार्बोनेशन किती आतवर पोचलंय ते मागा. ट्रंकेतले नकाशे, मंजुरीची पत्रं, बांधकामाच्या खर्चाची वही स्कॅन करून ठेवा. विकायचंच ठरलं तर घर ठेवून घेणारं गिऱ्हाईक आधी शोधा. पुण्याची बरीच मंडळी शनिवार-रविवारसाठी इकडे घर शोधत असतात आणि नव्या रो-हाउसपेक्षा त्यांना हे आवडतं, हा माझा अनुभव आहे. ऑडिटची फी हिश्श्याप्रमाणे वाटून घ्या. त्यावरून वाद होणारच. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला त्यातून वगळा. इतकी वर्षं पावसाळ्यात टपकणाऱ्या पाण्याखाली बादल्या त्यानेच ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर
सातारा